अमेरिकेत ट्रकचं रोड टेस्टिंग करायचंय, आपलं हेवी लायसन आणि आयडीपी चालतं का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका ट्रक कंपनीत व्हेईकल टेस्टिंगला आहे, नऊ वर्षं झाली. हेवी लायसन आहे, ट्रेलरसकट सगळं चालवतो, टीसी नंबरच्या, म्हणजे अजून पासिंग न झालेल्या टेस्टिंगच्या गाड्या घेऊन खंबाटकी, कात्रज, बोरघाट किती वेळा चढलो उतरलो त्याला गणती नाही. आता फेब्रुवारीत कंपनी मला सहा आठवड्यांसाठी अमेरिकेला पाठवतेय. तिकडच्या पार्टनर कंपनीच्या प्रोटोटाइपवर रिटार्डर (उतारावर मूळ ब्रेक न वापरता गाडीचा वेग आवरणारी यंत्रणा) आणि ब्रेकचं कॅलिब्रेशन करायचंय, त्यातला बराचसा भाग हायवेवर, घाट उतरताना.

प्रश्न असा की तिथे मी स्वतः ट्रक चालवू शकतो का? आमचे ट्रॅव्हल डेस्कवाले म्हणतात आरटीओतून आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढ, बास, सगळे तेच करतात. एजंटला विचारलं तर तो म्हणतो आयडीपीवर सी आणि ई च्या रकान्यात शिक्का असतो, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर दोन्ही आले. पण मागच्या वर्षी जर्मन टीम आमच्याकडे आलेली, त्यातला एकजण जेवताना बोलला होता की त्यांच्या माणसांना अमेरिकेत ट्रक चालवायला सरकारकडून खास तात्पुरती सूट घ्यावी लागते, नुसत्या लायसनवर भागत नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. जर्मनांना सूट लागते तर मला काय नुसत्या आयडीपीवर सोडणार का ते?

अशी सूट भारतीयांना मिळते का, अर्ज कोणी करायचा, किती दिवस लागतात, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. परक्या देशात हायवेवर पोलिसांनी 36 टनाची गाडी बाजूला घ्यायला लावली आणि माझ्याकडे चुकीचा कागद निघाला असं मला व्हायला नकोय, घरी दोन लहान मुलं आहेत.

घाटवाट

माझा मेहुणा गेल्या वर्षी तिकडे तीन आठवडे होता, भाड्याची कार आयडीपीवरच चालवली, एकदा पोलिसांनी थांबवलं पण लायसन आणि आयडीपी बघून सोडून दिलं. तुमच्याकडे तर हेवीचा शिक्का पण आहे. मला वाटतं काही प्रॉब्लेम येऊ नये.

पोर्टलंडकर

घाटवाट, कारचं बरोबर आहे पण ट्रकला ते अजिबात लागू नाही, आणि रात्रपाळी, तुमच्या डोक्यातला किडा बरोबर वळवळतोय, त्याला मारू नका.

मी ओरेगॉनात 11 वर्षं आहे, याच धंद्याच्या आसपास काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आयडीपी म्हणजे तुमच्या लायसनचं भाषांतर समजा, त्याने वेगळा अधिकार काही मिळत नाही. अमेरिकेत 26,001 पाउंड, म्हणजे साधारण 11.8 टनाच्या वरची गाडी पब्लिक रोडवर चालवायला सीडीएल लागतं, कमर्शियल ड्रायव्हर लायसन. ते राज्य देतं पण त्याचे निकष केंद्राचे आहेत, एफएमसीएसए नावाची संस्था आहे ती ठरवते. परदेशी लायसनं ते फक्त दोनच देशांची मानतात, कॅनडा आणि मेक्सिको, कारण त्या दोघांशी 1988 ते 1991 च्या दरम्यान तसं ठरलेलं आहे की तुमची परीक्षा आमच्या बरोबरीची. बाकी सगळे, जर्मनी, स्वीडन, जपान, भारत, एकाच रांगेत. म्हणजे श्टुटगार्टमध्ये वीस वर्षं ट्रक टेस्ट करणारा इंजिनियर इथे आला तरी कायद्याच्या नजरेत तो बिनलायसनचा.

आता सूट. कायद्यात अशी तरतूद आहे की एखाद्या नियमातून तात्पुरती सूट मागता येते, पण सूट दिल्याने सुरक्षितता कमी होणार नाही, निदान तेवढीच राहील, हे मागणाऱ्याने दाखवून द्यायचं. डायमलर या जर्मन ट्रक कंपनीच्या इथल्या शाखेने आपल्या जर्मन इंजिनियरांसाठी अशी सूट बऱ्याचदा घेतलीय, व्होल्वोने स्वीडिश लोकांसाठी घेतलीय. अर्ज आला की तो फेडरल रजिस्टरमध्ये छापतात, आपल्याकडच्या राजपत्रासारखं, मग 30 दिवस कोणीही हरकत नोंदवू शकतं, मग निर्णय. आधी दोन वर्षांपर्यंत सूट द्यायचे, 2015 च्या कायद्यानंतर पाच वर्षांपर्यंत देतात.

पण मुद्दा इथे आहे, नीट वाचा. ही सूट देशाला नसते, कंपनीलाही सरसकट नसते, ती माणसाला असते. अर्जात ड्रायव्हरचं नाव, त्याचा अनुभव, त्याचं लायसन, त्याचं रेकॉर्ड स्वच्छ आहे की नाही हे सगळं जातं. आणि तो किती चालवणार तेही. डायमलरच्या अर्जांत लिहिलेलं असायचं की माणूस दिवसाला जास्तीत जास्त 6 तास चालवेल, सलग 2 दिवस, दिवसाला 200 मैलांपेक्षा जास्त नाही, म्हणजे दोन दिवसांत 400 मैल, तेही तीन महिन्यांतून एकदा. त्यातलं 90 टक्के इंटरस्टेटवर, म्हणजे राज्यांना जोडणाऱ्या मोठ्या हायवेवर, आणि 10 टक्के दोन पदरी राज्य रस्त्यांवर. आणि शेजारच्या सीटवर कायम एक अमेरिकन सीडीएलवाला, ज्याला तो रस्ता पाठ आहे.

म्हणजे बघा किती थोडं मागितलं होतं. एवढं थोडं आणि एवढं नेमकं मागितलं म्हणूनच ते मिळालं असं माझं मत आहे. सरसकट "आमच्या इंजिनियरांना चालवू द्या" म्हटलं असतं तर अर्ज हललाच नसता.

अटी पण असतात बरं. मूळ देशाचं चालू लायसन आणि सूट मिळाल्याच्या कागदाची प्रत गाडीत पाहिजे, फक्त त्याच कंपनीच्या कामासाठी चालवायचं, ड्रग आणि अल्कोहोल टेस्टिंगचे नियम लागू, ड्रायव्हिंगचे तास वगैरे बाकी सगळे नियम लागू, आणि काही अपघात झाला तर 5 कामाच्या दिवसांत लेखी कळवायचं. सूट फक्त सीडीएलच्या अटीतून, बाकी एकाही नियमातून नाही.

तुमच्या फेब्रुवारीचं म्हणाल तर विसरा. अर्जावर निर्णय द्यायला कायद्यात 180 दिवस दिलेत. आज अर्ज टाकला तरी उन्हाळा उजाडेल.

चेसिसवाल्याचा मुलगा

पोर्टलंडकर, खूप चांगली माहिती. एक विचारू का. जर्मनांना आणि स्वीडिश लोकांना मिळते म्हणता, मग आपल्या माणसासाठी अर्ज केला तर कायद्यात अडचण आहे का काही? की आपल्या लायसनची किंमतच नाही?

पोर्टलंडकर

कायद्यात भारतीयाला मनाई कुठेच नाही. पण अर्जात सगळ्यात जड वाक्य असतं ते हे, की त्या देशात कमर्शियल लायसन मिळवायची पद्धत अमेरिकेच्या सीडीएलइतकीच कडक आहे. जर्मनीबद्दल एफएमसीएसएने ते मान्य केलंय, एकदा केलं की पुढच्या अर्जांना तोच आधार. आपल्याबद्दल ते वाक्य कुणीतरी कागदावर लिहून पुराव्यानिशी सिद्ध करायला पाहिजे. तुम्ही लिहाल का? मी प्रामाणिकपणे सांगतो, मला लिहिता येणार नाही.

चेसिसवाल्याचा मुलगा

नाही लिहू शकत. हेच बोलायचं होतं म्हणून विचारलं.

माझे वडील तीस वर्षं चेसिस ड्रायव्हर होते. पिंपरी चिंचवडच्या कारखान्यातून उघडी चेसिस घ्यायची, केबिन नाही, दारं नाहीत, फळीची सीट, डोक्याला मफलर आणि डोळ्याला गॉगल, आणि ती गुवाहाटीपर्यंत न्यायची. जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या धुक्यात उघड्यावर बसून गाडी मारायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहिती. तीस वर्षांत एक अपघात नाही. सीनियर लोकांच्या हाताखाली वर्षानुवर्षं क्लीनरकी करून शिकले ते, उस्तादाने स्टिअरिंग हातात द्यायच्या आधी टायर ठोकून हवा ओळखायला शिकवली होती.

आणि आता माझं ऐका. मी 2016 ला हेवी काढलं, एका शहराच्या आरटीओत, नाव घेत नाही. फॉर्म 5 म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं ट्रेनिंग सर्टिफिकेट, ते पैसे देऊन घरपोच आलं, स्कूलच्या ट्रकला मी हात पण लावला नव्हता. टेस्टला मैदानात एक जुना ट्रक उभा, फर्स्ट टाकून पुढे शंभर फूट, परत मागे, उतरा, पुढचा. रिव्हर्स पण नीट झालं नाही माझं, तरी पास. त्या दिवशी माझ्याबरोबर वीसेक जण होते, एकजण पण नापास झालेला मला दिसला नाही. घरी आलो तर वडिलांनी लायसन हातात घेतलं, बघितलं, आणि म्हणाले आता हे खिशात ठेव आणि उद्यापासून शिकायला ये. पुढचं दीड वर्ष त्यांनी शिकवलं मला.

लायसनवर माझा आणि वडिलांचा शिक्का सारखाच आहे. त्यांचं तीस वर्षांचं काम आणि माझे शंभर फूट, बाहेरच्या देशातल्या माणसाला यातला फरक कळणार कसा? त्याने नाही म्हटलं तर मला त्याचा राग येत नाही, मला इथला राग येतो. ज्यांनी पैसे घेऊन पास केलं त्यांनी माझ्या वडिलांचं लायसन पण स्वस्त करून टाकलं.

सॉरी, विषय सोडून लांब गेलो.

श्टुटगार्ट 07

विषय सोडून नाही गेलात, हाच विषय आहे. मी जर्मनीत आहे, इथलं सीई क्लासचं, म्हणजे ट्रेलरसकट ट्रकचं, लायसन मी स्वतः काढलंय म्हणून सांगते. आधी डोळे आणि तब्येत तपासणी, फर्स्ट एडचा कोर्स, थिअरीचे तास, मग थिअरीची परीक्षा, मग हायवेवर, गावाबाहेर आणि रात्री असे सक्तीचे तास चालवायचे, मग प्रॅक्टिकल. त्यात गाडी सुरू करायच्या आधीची तपासणी, जोडगाडी जोडणं सोडणं, रिव्हर्स, सगळं. मी प्रॅक्टिकलला पहिल्यांदा नापास झाले, ट्रेलर जोडल्यावर एअरची लाइन ओढून बघायला विसरले होते. एवढ्यावर नापास. तेव्हा रडू आलं होतं पण आज दर वेळी ती लाइन मी ओढून बघते.

धंदा म्हणून चालवायचं असेल तर त्यावर आणखी एक पात्रता लागते, युरोपभर, लायसनवर 95 असा कोड येतो. तो टिकवायला दर 5 वर्षांनी 35 तासांचं ट्रेनिंग. लायसन पण दर 5 वर्षांनी मेडिकल देऊन रिन्यू. अमेरिकेने जर्मन लायसनवर विश्वास ठेवला तो उगीच नाही ठेवला.

आणि इथे भारतीय लायसन? आल्यावर 6 महिने चालतं, इथे राहायला आलात की त्यानंतर इथली परीक्षा, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. काही देशांना परीक्षेशिवाय बदलून मिळतं, त्या यादीत आपण नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात ड्रायव्हर पण होते, तेव्हा गावाकडून मला किती फोन आले, ताई मला ट्रकवर लावून दे. प्रत्येकाला हेच सांगितलं की बाबा आधी भाषा आणि मग इथलं लायसन शून्यापासून, त्याला जवळचा रस्ता नाही. बरेचजण तिथेच गप्प झाले.

सॅक्रामेंटो

एक गोष्ट स्पष्ट करतो कारण हल्ली बातम्यांमुळे लोक दोन वेगळ्या गोष्टी एक करतायत. पोर्टलंडकरांनी सांगितली ती सूट म्हणजे सीडीएल न काढता थोडे दिवस चालवायची परवानगी. दुसरी गोष्ट आहे नॉन डोमिसाइल्ड सीडीएल. ते पूर्ण सीडीएलच असतं, इथे परीक्षा देऊन मिळवलेलं, फक्त माणूस नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसतो. इकडे कॅलिफोर्नियात हजारो पंजाबी ड्रायव्हर त्याच लायसनवर ट्रक चालवत आलेत. माझ्या शेजारचे पाजी त्यातलेच.

2025 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडात एका ट्रकने हायवेवर यू टर्न घेतला आणि तीन माणसं गेली, ड्रायव्हर भारतातून आलेला होता. त्यानंतर सगळं वेगाने झालं. परदेशी ट्रक ड्रायव्हरांचे वर्क व्हिसा थांबवले, मग 29 सप्टेंबरला नियम आला की नॉन डोमिसाइल्ड सीडीएल फक्त एच2ए, एच2बी आणि ई2 अशा तीनच व्हिसांवर मिळेल. अशी लायसनं तेव्हा साधारण 2 लाख होती असा एफएमसीएसएचाच अंदाज. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नियमाला स्थगिती दिली, पण त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने सुमारे 17 हजार जणांना लायसन रद्द करायच्या नोटिसा पाठवल्या, कारण लायसनवरची तारीख आणि कामाच्या परवान्याची तारीख जुळत नव्हती. ती तारीख ड्रायव्हरने टाकलेली नव्हती, खिडकीपलीकडच्या माणसाने टाकलेली.

पाजींना ती नोटीस आली. कर्जावर घेतलेला ट्रक दारात उभा आहे, हप्ता सुरू आहे. ज्यांची माणसं फ्लोरिडात गेली त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही, तिथे कुणाला तरी जाब विचारायलाच पाहिजे होता. पण रीतसर परीक्षा दिलेल्या माणसाला तारखेच्या चुकीपायी घरी बसवायचं यात सुरक्षितता कुठे आली ते मला कळत नाही.

रात्रपाळी, तुम्हाला याचा उपयोग एवढाच की "तिकडे जाऊन पटकन सीडीएल काढू" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सहा आठवड्यांच्या व्हिसावर ते होणार नाही. आणि सध्या इंग्रजी येतं की नाही हे पण रस्त्यावर तपासतात, जून 2025 पासून नाही आलं तर गाडी तिथेच उभी करून ड्रायव्हरला बाजूला काढतात. वातावरण गरम आहे, चुकीच्या कागदावर ट्रकच्या स्टिअरिंगमागे सापडायची ही वेळ नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चेसिसवाल्याचा मुलगा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या टेस्टिंगमधले दोन जुने ड्रायव्हर आधी चेसिसच न्यायचे, मी जे काही शिकलो ते त्यांच्याकडूनच. ब्रेकचा वास केबिनमध्ये यायच्या आधी पायाला कळतो हे कुठल्या सेन्सरने नाही शिकवलं मला.

आता दोन प्रश्न उरले. एक, मी चालवायचंच नाही, बाजूच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि तिकडचा सीडीएलवाला चालवत असेल तर चालेल ना? जर्मन टीम आली तेव्हा आम्ही पण हेच केलेलं, गाडी आमचा माणूस मारायचा, ते डेटा घ्यायचे. दुसरा, बंद टेस्ट ट्रॅकवर मी स्वतः चालवू शकतो का? कारण रिटार्डरचं काही काम असं आहे की पेडल माझ्या पायाखाली असल्याशिवाय ते मला सांगताच येणार नाही.

पोर्टलंडकर

पहिल्याचं उत्तर हो. बाजूला बसायला लायसन लागत नाही. फक्त सीट बेल्ट लावा आणि चालवणाऱ्याशी खुणा आधीच ठरवून घ्या, कारण घाटात तुम्ही "आता सोडा" म्हणाल आणि त्याला कळायला एक सेकंद लागेल, तेवढ्यात रीडिंग गेलेलं असतं. इथे आलात तर बहुतेक तुम्हाला पेंडलटनजवळ आय 84 हायवेवर कॅबेज हिलला नेतील, सहा टक्के उतार, मैलोन्मैल, मध्ये जबरदस्त वळणं. तुम्हाला बोरघाट आठवेल. फेब्रुवारीत तिथे बर्फ असतो, चेन लावायची सक्ती होते, तो अनुभव आपल्याकडच्या फारशा कुणाला नसतो. खरं सांगायचं तर कागद असता तरी पहिल्या आठवड्यात तुम्ही तिथे चालवू नये असंच मी म्हटलं असतं. उजवीकडून चालायचं, पुढे लांब बॉनेट, उजव्या बाजूला ब्लाइंड स्पॉट केवढा तरी मोठा, मागे 53 फुटी ट्रेलर. हाताची सवय उलटी व्हायला वेळ लागतो.

दुसऱ्याचं, सीडीएलचा नियम लोकांसाठी खुल्या रस्त्यांना आहे. गेट लावलेल्या खाजगी प्रूव्हिंग ग्राउंडवर, म्हणजे बंद टेस्ट ट्रॅकवर, तो लागत नाही. तिथे ट्रॅकवाल्यांचे स्वतःचे नियम असतात, त्यांची ट्रॅक ड्रायव्हरची टेस्ट असते, ती द्यावी लागेल. पण ट्रॅकच्या गेटपासून वर्कशॉपपर्यंत मध्ये अर्धा मैल जरी पब्लिक रोड असला तरी तेवढ्यात सीडीएलवालाच पाहिजे. लोक तिथेच चुकतात, "एवढंच तर आहे" म्हणून.

आणि दोन गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या. विम्याच्या कागदात ट्रॅकवर चालवणारा म्हणून तुमचं नाव आहे का, आणि तुमच्या व्हिसावर हे काम बसतं का हे त्यांच्या इमिग्रेशन वकिलाने बघितलंय का. बिझनेस व्हिसावर मीटिंग वेगळी आणि हाताने काम करणं वेगळं, ट्रॅव्हल डेस्कने यावर बोलू नये, वकिलानेच बोलावं.

श्टुटगार्ट 07

आणि हा प्रोजेक्ट दोन तीन वर्षं चालणार असेल तर तिकडच्या कंपनीला आत्ताच सूट मागायचा अर्ज करायला सांगा, तुमच्या नावाने. नऊ वर्षांचं टेस्टिंगचं रेकॉर्ड, अपघात शून्य, बरोबर सीडीएलवाला, दिवसाला मोजके मैल. आपल्या लायसनबद्दलचं ते जड वाक्य सिद्ध नाही झालं तर लायसन सोडून तुमच्या स्वतःच्या ट्रेनिंगवर जोर देता येईल. नाही म्हणाले तर म्हणाले.

रात्रपाळी

अपडेट देतो. आज मॅनेजरशी बोललो, हा धागा मराठीत असल्याने तोंडी समजावून सांगितला. रस्त्यावरचं सगळं ड्रायव्हिंग तिकडचा सीडीएलवाला करेल, मी बाजूला बसणार. ट्रॅकच्या टेस्टसाठी दोन दिवस शेड्युलमध्ये वाढवून घेतले. विमा आणि व्हिसाचं वकिलाकडे पाठवलंय. सूट मागायच्या अर्जाबद्दल पार्टनर कंपनीला मेल गेलाय, त्यात माझं गेल्या नऊ वर्षांचं टेस्ट ड्रायव्हिंगचं लॉगबुक जोडायचंय, आज रात्रपाळीला बसून तेच स्कॅन करतोय. 2018 च्या वहीची पानं डिझेलने पिवळी पडलीयेत पण वाचता येतायत.

पोर्टलंडकर, चेन लावायचं तुम्ही म्हणालात ते कुणी दाखवेल का तिकडे, की आधीच कुठे बघून यावं?

पोर्टलंडकर

मी दाखवतो. पहिल्या शनिवारी या, माझ्या ओळखीच्या यार्डात गाडी उभी असते. हातमोजे जाड आणा, इथले महाग पडतात.